नवी वादी

स्केरवर्ट
शनिवार, ५ सप्टेंबर १९५३, संध्याकाळचे साडेसहा

ताई,

हे लिहायला बसण्याआधी मी आजोबांच्या मळणीच्या सोट्याला लोकर गुंडाळत होतो. हात दोनदा धुतले, तरी कागदाला मेंढीचा वास आला तर माफ कर. सोटा तुला आठवत असेल. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला चामड्याच्या वादीने लटकणारं आखूड लाकूड. त्या लाकडावर लोकरीचे तीन पदर घालतो आहे, म्हणजे कुणाला लागणार नाही.

बातमी अशी की यंदा मला लढाईच्या स्मरणदिनाच्या समितीचा चिटणीस केलं आहे. सहावीत शाळा सुटलेल्या माणसाला! बाप अध्यक्ष, मुलगा चिटणीस. सभेत हाइत म्हणाले, "याला बोलता येत नाही, म्हणूनच लिहिता येतं." सगळे हसले. मीही हसलो. इतिवृत्तात मात्र ते लिहिलं नाही.

२६ तारीख यंदा शनिवारीच येते, म्हणून नाटक मोठं करायचं ठरलं आहे. टेकडीखाली चर खणून त्यात पाणी सोडणार. हॉलंडचा काउंट आपल्या सरदारांसह चिखलात रुतणार आणि आपले शेतकरी त्यांना ठेचणार. डुकराच्या मूत्राशयात रक्त भरून ते सरदारांच्या अंगरख्याखाली बांधायचं काम खाटकाने घेतलं आहे. लहानपणापासून दर वर्षी मी सरदारच होतो, आठवतं? पकडलेल्या सरदाराला शेतकरी सांगतो, "म्हण, बूटर, ब्रेआ एन ग्रीने त्सीस!" लोणी, पाव आणि हिरवं चीज. हॉलंडरला ते म्हणता येत नाही, मग त्याचं डोकं फुटतं. माझी जीभ शेवटच्या शब्दावर अडते, म्हणून मला दर वर्षी मारतात. सोळा वेळा मेलो आहे. मी मोजून ठेवलं आहे.

मास्तर म्हणाले, हे वाक्य या लढाईचं नाहीच, पावणेदोनशे वर्षांनंतरच्या बंडातलं आहे. हाइत म्हणाले, "मग आपण वेळेआधी पोचलो."

आता मुख्य गोष्ट. काल जेवताना मेमने लेकीचं नाव काढलं, तुझं. तीन वर्षांत पहिल्यांदा हाइत ताटावरून उठून गेले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "तिच्या हॉलंडरला सांग, काउंट व्हायला ये. एकदा आमच्या हातून मर, मग माझ्या टेबलावर बस." मेम रडली. हाइत थट्टा करत होते की खरं बोलत होते, ते मला कळलं नाही. म्हणून शब्द जसेच्या तसे कळवतो.

तुझा
गोसे

•

हार्लेम
९ सप्टेंबर १९५३

गोसे, माझ्या सोळा वेळा मेलेल्या भावा,

ते खरं बोलत होते. हाइत खरं बोलायचं असलं की ताटाकडे बघतात. लग्नाला आले नाहीत तेव्हाही ताटाकडेच बघून "नाही" म्हणाले होते.

क्रेलिसला पत्र वाचून दाखवलं. तो खदाखदा हसला. म्हणाला, "जर्मनीच्या छावणीत खऱ्या बंदुकीने जमलं नाही ते तुझ्या बापाला लाकडाने जमवायचंय? येतो म्हणावं." ट्रामच्या साहेबाकडे दोन दिवसांची रजाही मागून आला. मला मात्र येता येणार नाही. सातवा महिना आहे आणि डॉक्टरने बोटीचा प्रवास बंद केला आहे. तो एकटाच येईल. पोरगं जन्मेल तेव्हा त्याला आजोळ असावं, एवढंच मला हवं आहे. मग त्यासाठी क्रेलिसला चिखलात लोळावं लागलं तरी चालेल.

तू एकदा तरी त्याला "दाजी" म्हण. "तुझा हॉलंडर" काय? जीभ काय फक्त त्याच शब्दावर अडते का?

आणि एक काम आहे. मला ते वाक्य कापडावर भरायचं आहे, पाळण्याजवळ टांगायला. मला म्हणता येतं, पण लिहायचं कसं ते माहीत नाही. आपल्याला शाळेत सगळं हॉलंडच्याच भाषेत शिकवलं. तू नीट अक्षरं लिहून पाठव, उच्चारासकट. चुकवू नकोस. पण तू कसला चुकवतोस!

हिल्क्ये

•

स्केरवर्ट
रविवार, १३ सप्टेंबर १९५३, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं

ताई,

वाक्य वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. पहिल्या शब्दातल्या 'ऊ'च्या डोक्यावर छोटी टोपी असते. ती भरायला विसरू नकोस, टोपी नसली तर तो शब्द आपला राहत नाही. 'ब्रेआ'मध्ये 'ए' आणि 'आ' दोन्ही म्हणायचे, पण एका दमात. शेवटच्या शब्दात 'त' आणि 'स' जोडलेले आहेत, मध्ये श्वास नको. जीभ वरच्या दातांमागे टेकवायची आणि काडी मोडावी तशी सोडायची. हॉलंडर तिथे 'क' लावतात आणि तिथेच सापडतात. मी तीन पुस्तकांतून ताडून पाहिलं आहे.

तालमी चालू आहेत. गुरुवारी खाटकाच्या मुलाचा दात पडला. मंगळवारी दोन सरदारांची आपसातच जुंपली आणि एकाचा कान फाटला. हाइत खूश आहेत. म्हणाले, "तेराशे पंचेचाळीसमध्ये काय रुमालाने मारलं होतं?" रोज संध्याकाळी ते पोरांना गोळा करून सांगतात की काउंटच्या माणसांना घोड्यावरून ओढून चिखलात उताणं दाबलं, चिलखताच्या फटीतून शेण उचलायचे काटे घुसवले, आणि किनाऱ्याचं पाणी दोन दिवस गढूळ लाल होतं. पोरं विचारतात, "तुम्ही होतात का, आजोबा?" हाइत म्हणतात, "होतोच की."

आता ऐक. या वर्षी मी मरणार नाही! हाइत म्हणाले की वाक्य न अडखळता म्हणून दाखवलंस तर सोटा तुझ्या हातात. पहाटे दूध मोजायला डेअरीत जातो तेव्हा रिकाम्या कॅनमध्ये तोंड घालून म्हणतो. आपलाच आवाज घुमून परत येतो, तेव्हा जीभ अडत नाही. काल चाळीसपैकी चाळीस. रात्री हाइतसमोर म्हटलं. त्यांनी भिंतीवरचा सोटा काढून माझ्या हातात दिला. म्हणजे काउंटला, तुझ्या नवऱ्याला, मीच मारणार. घाबरू नकोस. जुनी वादी कुजली होती, म्हणून परवाच चांभाराकडून गाईच्या चामड्याची नवी घातली, बोटाएवढी जाड. दोन माणसं लोंबकळली तरी तुटायची नाही.

मेम तुझ्यासाठी साखरपाव करणार आहे. बाळ झाल्यावर करतात तसाच, पण आधीच.

तुझा
गोसे

•

हार्लेम
२२ सप्टेंबर १९५३

गोसे,

शुक्रवारी संध्याकाळच्या बोटीने तो पोचेल. हाइतना सांग, काउंटच्या शिरस्त्राणाखाली तो डोक्याला फडकं बांधणार आहे. तुमचा काही भरवसा नाही. त्याच्याकडे एक गंमत आहे. विचारू नकोस, तो सांगणार नाही. टेकडीवरच कळेल.

तुझी घाईतली
हिल्क्ये

•

ल्यौवर्ट, इस्पितळ
रविवार, २७ सप्टेंबर १९५३, सकाळचे नऊ

ताई,

तार मिळाली असेल. मी इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितो आहे.

क्रेलिसच्या जिवाला धोका नाही, हे डॉक्टर दोनदा म्हणाले. मी त्यांना दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. डावा डोळा गेला. गालाला तीन टाके आहेत, भुवईला सात. त्याला गुंगी दिली आहे. जागा झाला तेव्हा त्याने तुझं नाव घेतलं आणि साखरपाव कुठे आहे असं विचारलं.

अपघात झाला. मारताना सोट्याची वादी तुटली आणि लाकूड सुटून त्याच्या तोंडावर बसलं. हवालदार साहेबांनी सोटा पाहिला. वादीचे दोन तुकडे झालेले होते, त्यांनी तशी नोंद केली. समितीच्या इतिवृत्तातही तेच जाईल. टेकडीवर साधारण सहाशे माणसं होती. ज्यांना विचारलं त्या सर्वांनी हेच सांगितलं.

हाइत रात्रभर इथे बसून होते. पहाटे गाई पिळायला गेले. मी त्यांच्याशी बोललो नाही.

पैशांची काळजी करू नकोस. समिती वर्गणी काढणार आहे.

गोसे

•

हार्लेम
१२ ऑक्टोबर १९५३

गोसे,

तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं.

क्रेलिस परवा घरी आला. ट्राम आता त्याला चालवायला मिळणार नाही. एका डोळ्याच्या माणसाला रस्त्यावर सोडत नाहीत. पुढच्या सोमवारपासून डेपोत झाडू मारणार आहे. पाणी ओतायला गेला की कपाच्या बाहेर ओततो आणि माझ्याकडे बघून हसतो. त्या हसण्याने मला ओरडावंसं वाटतं.

मी विचारलं, कसं झालं? म्हणाला, "चिखल होता, घसरलो, दगड लागला." तू लिहितोस की वादी तुटली. तुमच्यापैकी एकाने तरी दुसऱ्याला विचारून खोटं बोलायचं होतं! आणि गोसे, तूच लिहिलं होतंस, वादी नवी आहे, बोटाएवढी जाड, दोन माणसं लोंबकळली तरी तुटायची नाही. ते पत्र माझ्या पेटीत आहे. तू कधी काही चुकीचं लिहीत नाहीस. मग सत्तावीस तारखेचं पत्र कुणी लिहिलं?

आता माझं ऐक, कारण मीही तुझ्याशी खोटं बोलले. कापड-बिपड काही नव्हतं. ते वाक्य मला क्रेलिसला शिकवायचं होतं. आठ रात्री तो तुझा कागद पुढे घेऊन, जीभ दातांमागे टेकवून, काडी मोडावी तशी सोडत बसायचा. शेजारीण भिंतीवर ठोकायची. ठरलं असं होतं की नाटकात तो हॉलंडर असूनही न अडखळता आपलं वाक्य म्हणेल. त्याला मारता येणार नाही, सगळे हसतील, आणि हाइत त्याला चिखलातून हात देऊन उठवतील. तुला ती जागा मिळाली आहे हे कळलं तेव्हाही मी थांबवलं नाही. मला वाटलं, तुलाही गंमत वाटेल.

त्याने ते म्हटलं का? तेवढं सांग. आणि मग काय झालं? खरं लिहिणार असशील तर लिही. नाहीतर लिहू नकोस, कधीच.

हिल्क्ये

•

स्केरवर्ट
रविवार, १८ ऑक्टोबर १९५३, सकाळचे साडेसहा. मी माझी पेटी बांधत होतो, ती अर्धी ठेवून लिहितो आहे.

ताई,

त्याने ते म्हटलं.

शनिवारी दुपारी तीन वाजले होते. चरात गुडघाभर चिखल. बाकीचे सरदार मरून पडले होते, सगळीकडे डुकराचं रक्त आणि शेण. क्रेलिस काउंट, गुडघ्यांवर. मी समोर, सोटा वर धरून. मी सुरुवात केली. बूटर, झालं. ब्रेआ, झालं. एन ग्रीने, झालं. आणि मग त्स्, त्स्, त्स्. कॅन नव्हता, ताई. सहाशे माणसं होती. खाटकाचा मुलगा ओरडला, "इंजिन सुरू करा रे!" लोक हसायला लागले. माझं तोंड उघडं होतं आणि त्यातून थुंकी उडत होती.

क्रेलिसने वर पाहिलं. आधी हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "त्सीस." मला मदत करायला. हे मला आज कळतं. मी तरीही अडलेलोच होतो. मग त्याने पूर्ण वाक्य म्हटलं, मोठ्याने, स्वच्छ, मेम म्हणते तसं. 'ब्रेआ'तले दोन्ही स्वर एका दमात. टेकडी हशाने फुटली. कुणी तरी हाइतना ओरडून म्हणालं, "विब्रेन, अरे पाळण्यात अदलाबदल झाली! जावई तुझा, पोरगा हॉलंडचा!"

मी हाइतकडे पाहिलं. ते हसत होते. रागाने नाही, ताई. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते आणि टाळ्या वाजवत होते. क्रेलिससाठी. तू म्हणतेस तसंच होणार होतं. त्यांनी चरात उतरायला पाय पुढे टाकलाही होता.

मी पहिला घाव घातला तो लोकरीचा. क्रेलिस हसतच पडला, नाटकातल्यासारखा. रक्ताची पिशवी फुटली. दुसऱ्या घावाआधी मी सोटा उलटा केला. सोटा उलटा करायला दोन्ही हात लागतात आणि लटकतं लाकूड काखेत धरावं लागतं. त्याला वेळ लागतो. त्या वेळात मला थांबता आलं असतं. उघड्या दांड्याचं टोक मी त्याच्या तोंडावर घातलं, जिथून तो शब्द आला होता तिथे. त्याने मान वळवली म्हणून डोळ्याला लागलं. आवाज ओल्या फांदीसारखा आला. लोक टाळ्या वाजवत राहिले. त्यांना ते डुकराचं रक्त वाटलं. मी तिसराही मारला. तो खांद्यावर बसला. तेव्हा मेम किंचाळली.

वादी तुटलीच नव्हती. रात्री इस्पितळातून आलो तेव्हा सोटा गोठ्यात होता आणि वादी कापलेली होती, सरळ, धारदार सुरीने. मी ती पाहिली आणि तिथेच ठेवली. दुसऱ्या दिवशी तुला ती तुटली असं लिहिलं.

त्यानंतरचे तीन आठवडे तुला सांगायला मला जास्त लाज वाटते. दारूच्या गुत्त्यात मला कुणी पैसे देऊ देत नाही. ज्यांनी आयुष्यभर माझी नक्कल केली ते पाठीवर थाप मारतात. "सहाशे आठ वर्षांनी पहिला खरा हॉलंडर!" म्हणून ग्लास वर करतात. खाटकाने गुत्त्याच्या दारावर त्या पहिल्या हॉलंडरच्या नावाने एक रेघ कोरली. पोरं आता मला पाहून गप्प होतात. पहिल्या रात्री मी ती फुकटची जिन प्यायलो, ताई. दोन ग्लास. आणि मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं.

तुझं पत्र बुधवारी आलं. काल शनिवारी समितीची वार्षिक सभा होती, नव्वद माणसं. चिटणीसाने इतिवृत्त वाचायचं असतं. हाइतनी लिहून दिलेला मसुदा माझ्या खिशात होता. मी माझं वाचलं. तारीख, वेळ, हवामान, उपस्थिती, सगळं न अडखळता. सोट्याचं वर्णन, नवी वादी, लोकरीचे तीन पदर. मग ज्या वाक्यात मारणाऱ्याचं नाव यायचं तिथे आलो आणि अडलो. तो 'त्सीस' नव्हता. तो 'मी' होता. माझी जीभ त्या शब्दावर आयुष्यात कधी अडली नव्हती. म्, म्, म्. नव्वद माणसं थांबली. कुणी हसलं नाही. कुणी मदतही केली नाही. किती वेळ गेला ते मी नोंदवलेलं नाही. मग तो शब्द आला.

खाटक उठला, म्हणाला, "हे खोडा. विब्रेन, पोराला आवर." हाइत बसूनच राहिले. टेबलाकडे पाहत होते, ताटाकडे पाहतात तसे. मग त्यांनी खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. वादीचा कापलेला तुकडा. तीन आठवडे ते तो बरोबर बाळगत होते. मला म्हणाले, "हेही लिही. कुणी कापली तेही. स्पेलिंग नीट कर." मी त्यांच्यासमोर लिहिलं. त्यांनी खाली सही केली.

सभेतून आम्ही दोघं हवालदार साहेबांकडे गेलो. त्यांनी जबाब पुन्हा घेतला. खटल्याची तारीख कळवतील. तोवर मी कुठे असेन ते लिहून द्यायचं होतं. मी तुमची गल्ली लिहिली, घराचा नंबर लिहिला नाही. त्यासाठी तुला विचारायला हवं. इथून मी उद्या सकाळच्या बोटीने निघतो. हे पत्र आज दुपारच्या बोटीने जाईल, म्हणजे माझ्याआधी पोचेल. तिकडे ट्यूलिपच्या कंदांच्या गोदामात पेट्या उचलायचं काम मिळतं असं ऐकलं आहे. दुपारी चारपासून तुमच्या खिडकीखाली उभा राहीन. पडदा ओढलेला दिसला तर वर येणार नाही. हाइतना यायचं होतं. मी म्हटलं, आधी मी.

मेमने साखरपाव पुन्हा केला आहे. पहिला टेकडीवरच राहिला होता.

दाजींना हे पत्र वाचून दाखव. पहिल्या ओळीपासून.

गोसे

हिशेब, १८ ऑक्टोबर

जमा
सायकल विकली: ६० गिल्डर
डेअरीतला शेवटचा पगार: ३१ गिल्डर
समितीची वर्गणी: ११२ गिल्डर, हाइतनी सभेत परत केली, म्हणून शून्य
हाइतनी एक कालवड विकून दिले: १५० गिल्डर. हे दाजींच्या पगारातल्या तुटीसाठी, माझे नव्हेत

खर्च
काचेच्या डोळ्याचा पहिला हप्ता, ल्यौवर्टच्या दुकानात भरला: ४० गिल्डर
बोट आणि रेल्वे, हार्लेमपर्यंत: ८ गिल्डर २० सेंट
साखर, साखरपावासाठी: ९० सेंट

देणं
काचेचा डोळा, बाकी: ५५ गिल्डर, दरमहा पाच
गुत्त्यात, दोन ग्लास जिन: ७० सेंट. मालक घेत नाही, उद्या बोटीवर जाताना खिडकीत ठेवीन

परतीचं तिकीट काढलेलं नाही.